हेटर: दगडाचे रूळ, खाणीतलं तळं आणि बाबांची छत्री (डार्टमूर)

आडवाट | शनिवार, रात्री १०:५०

बाबा सध्या आमच्याकडे ब्रिस्टलला आलेत. सगळी नोकरी सरकारी रस्ते बांधण्यात गेली, निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण गाडीतून जाताना अजून रस्त्याचा ढाळ बघतात. लंडन झालं, बाथ झालं, स्टोनहेंज झालं. "बरं आहे" याच्या वर एकालाही मार्क मिळाले नाहीत. आज चक्क सत्तावीस अंश होतं, तेव्हा त्यांना डार्टमूरला नेलं. गाडीने पावणेदोन तास.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: डार्टमूर म्हणजे डेव्हनमधला ९५४ चौरस किलोमीटरचा उघडा, उंच माळ. अशा माळाला इकडे मूर म्हणतात. १९५१ पासून नॅशनल पार्क आहे. झाडं फक्त दऱ्याखोऱ्यांत. वर गवत, नेचे, हेदर आणि गॉर्सची काटेरी पिवळी झुडपं. उन्हात गॉर्सच्या फुलांना ओल्या खोबऱ्यासारखा वास येतो, खरंच. आणि टेकड्यांच्या माथ्यावर टॉर. टॉर म्हणजे ग्रॅनाइटचा उघडा पडलेला कातळ. आडव्या भेगांमुळे लांबून असं वाटतं की कुणी राक्षसिणीने भाकऱ्यांची चवड रचून ठेवली आणि वाढायला विसरली. असे दीडशेच्या वर टॉर आहेत. आम्ही गेलो तो हेटर त्यातला सगळ्यात जास्त गर्दीचा.

बाबांनी गाडीतून उतरल्या उतरल्या विचारलं, "उंची किती?" म्हटलं, ४५७ मीटर. "अगं, आपलं पुणंच साडेपाचशेवर आहे!" झालं. छत्री काठीसारखी टेकत वर चालू लागले, चेहऱ्यावर परीक्षकाचा भाव. माथ्यावर चढायला कातळात पायऱ्या खोदल्यात. एके काळी लोखंडी कठडाही होता, आता त्याचे गंजके खुंट उरलेत. वरून टीन नदीचं मुख आणि समुद्राची रेघ दिसत होती. बाबा म्हणाले, "वारा चांगला आहे." बस.

मग मी त्यांना टेकडीच्या पलीकडे खाणीत नेलं. इथून पुढचा दिवस बाबांचा.

उतरून दहा मिनिटं चाललं की मातीच्या जुन्या ढिगाऱ्यांमध्ये एक छोटं लाकडी फाटक लागतं. ते उघडून आत गेलो आणि वारा बंद. तिन्ही बाजूंना उभे कापलेले कडे, मधे तळं, त्यात कमळं, वर निळे चतुर. पाण्यात एका जुन्या यारीचं लोखंड अर्धं बुडून गंजत पडलंय. बाहेर माणसांची जत्रा आणि इथे आम्ही तिघं नि एक कुत्रा. बाबा कड्याजवळ गेले, हात लावला आणि पहिल्यांदा स्वतःहून बोलले, "कापलाय छान."

खाणीतून बाहेर पडलं की गवतात रूळ दिसतात. लोखंडाचे नव्हे, दगडाचे. इथला ग्रॅनाइट वाहून न्यायचा होता, लोखंड महाग, दगड पायाखाली फुकट, म्हणून जॉर्ज टेम्पलर या जमीनदाराने १८२० मध्ये ग्रॅनाइटचीच ट्रामवे टाकली. लांब चिरे एकापुढे एक बसवलेत आणि प्रत्येकाला एका कडेने उंबरठ्यासारखी उभी कड कोरून ठेवलीय, गाड्याचं चाक घसरू नये म्हणून. चाकं साधी, सपाट. रूळच त्यांना वळण लावतात. बाबा तिथेच बसले. छत्री आडवी टाकून दोन रुळांमधलं अंतर मोजलं. छत्रीची लांबी त्यांना पाठ आहे, का ते विचारू नका. "सव्वाचार फूट आसपास." घरी येऊन पाहिलं तर चार फूट तीन इंच.

एका ठिकाणी रूळ दोन दिशांना फुटतात. अख्खा सांधा दगडात कोरलेला! त्या सांध्यापाशी आम्ही अर्धा तास होतो. लेक म्हणाली, "आजोबा, ट्रेन येणार आहे का?" आजोबा म्हणाले, "थांब, सिग्नल बघतोय."

बारा-बारा गाडे एकामागे एक जोडायचे. घोडे अठरा-एकोणीस. वर येताना पुढे जुंपलेले आणि भरलेले गाडे उतारावर जाताना मागे, म्हणजे ब्रेक म्हणून. उतार सुमारे चारशे मीटरचा. खाली स्टोव्हर कालवा, तिथून नावेत, नावेतून टिनमथ बंदर आणि तिथून जहाजाने लंडन. जुन्या लंडन ब्रिजला (१८३१ मध्ये उघडला तो) इथला दगड गेला. स्टॉकटन-डार्लिंग्टनची वाफेची गाडी, म्हणजे जगातली पहिली सार्वजनिक वाफेची रेल्वे, सुरू झाली ती या ट्रामवेनंतर पाच वर्षांनी. पण कॉर्नवॉलच्या खाणींचा दगड स्वस्त पडायला लागला आणि १८५८ पर्यंत इथलं काम थंडावलं. आपली बोरीबंदर-ठाणे गाडी १८५३ ची. ती धावायला लागली तेव्हा ही गाडी शेवटचे श्वास मोजत होती. टेम्पलर त्याच्या आधीच, १८२९ ला, कर्जापायी सगळं विकून मोकळा झाला होता.

पुढे होलवेल टॉरची खाण, मग बेका ओढ्याच्या दरीत उतरून पलीकडे हाउंड टॉरच्या पायथ्याला मध्ययुगीन गावाचे चौथरे. चौदाव्या-पंधराव्या शतकात उठलेलं गाव. गुडघाभर भिंती, त्यात मेंढ्या. एकाच लांब छपराखाली माणसं आणि गुरं, गुरं उताराच्या बाजूला म्हणजे घाण बाहेर वाहून जावी. बाबा: "गोठा खाली, चूल वर. आपल्याकडे तरी वेगळं काय होतं?" थालीपीठ-लोणचं तिथेच, एका भिंतीवर बसून.

एकूण दहा किलोमीटर, पाच तास. गाडीत बसताना विचारलं, किती मार्क? "टॉरला काठावर पास. रुळांना पैकीच्या पैकी."

---

सड्यावरचा | रविवार, सकाळी ७:१५

भाकऱ्यांची चवड! झकास. मूर म्हणजे मग आमचा कोकणातला सडाच की. वर झाड नाही, वारा वेड्यासारखा आणि खाण. आमची चिऱ्याची, जांभ्याची. फरक इतकाच की आमच्या खाणीत कमळं लावायला कुणी थांबत नाही. पावसात भरते, कडेला ना कुंपण ना पाटी, पोरं पोहायला जातात.

---

आडवाट | रविवार, सकाळी ८:४०

सडा शब्द मला सुचला कसा नाही! पण एक फरक आहे हं. सडा उन्हाळ्यात करपतो. मूर भर उन्हाळ्यातही खालून ओला, स्पंजासारखा. वाट सोडली की बूट आत. हेटरच्या बाजूला कमी, उत्तरेकडे जास्त.

---

गुडघेदुखी_क्लब | रविवार, सकाळी ९:०५

वर्णन छान, पण मुद्द्याचं सांगा. सासूबाई सत्तरीच्या आहेत, येतील का? स्वच्छतागृह आहे का?

---

आडवाट | रविवार, सकाळी ९:२०

कार पार्कजवळ आहे. पार्किंगला पैसे. हेटर आणि खाण एवढंच केलं तर दोन-तीन किलोमीटर, चढ सौम्य, सासूबाई आरामात येतील. बेका ओढ्याच्या दरीत मात्र उतार दगडधोंड्यांचा आहे आणि परत तेवढंच चढायचं. बाबा एकाहत्तरचे आहेत. त्यांनी केलं, पण रात्री तेल चोळून घेतलं. नेच्यांतून चालताना पायजमा मोज्यात खोचा, गोचिडी असतात आणि त्यांच्यापासून लाइम नावाचा आजार होतो. आणि घोड्यांना खायला घालू नका. ते मोकळे फिरतात म्हणून रानटी वाटतात, पण प्रत्येकाला मालक आहे.

---

भूस्तर | रविवार, दुपारी १२:३०

लेख आवडला. भाकऱ्यांविषयी थोडं, व्यवसायाने भूशास्त्राचा मास्तर असल्याने राहवत नाही.

हा ग्रॅनाइट सुमारे २८ कोटी वर्षांपूर्वी जमिनीखाली खोल हळूहळू गोठला. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण त्याच्यापुढे पोर, साधारण साडेसहा कोटींचा, आणि तो लाव्हा बाहेर येऊन गोठलेला. हळू गोठला म्हणून हेटरच्या दगडात फेल्स्पारचे पांढरे, मोठे स्फटिक नुसत्या डोळ्यांनी दिसतात. वरचा खडक झिजून गेला तसं ओझं कमी झालं, ग्रॅनाइट किंचित फुगला आणि आडव्या भेगा पडल्या. या तुमच्या भाकऱ्या. भेगांतून पाणी मुरलं, फेल्स्पारची माती झाली. जिथे भेगा दाट तिथे दगड कुजला, जिथे विरळ तिथे घट्ट राहिला. मग हिमयुगात जमीन गोठायची-वितळायची, कुजका भाग उतारावरून सरकून गेला आणि घट्ट भाग उघडा पडला. तो टॉर. उतारावर पसरलेल्या धोंड्यांना तिथे क्लिटर म्हणतात.

आता गंमत. तुम्ही म्हणता तो स्टोव्हर कालवा दगडासाठी खोदलाच नव्हता. तो १७९२ चा, जॉर्जच्या बापाने, जेम्स टेम्पलरने काढलेला, कुंभारकामाची पांढरी माती न्यायला. ती माती कुठली? लाखो वर्षं याच माळावरून कुजून वाहत आलेली. म्हणजे आधी ग्रॅनाइटची माती गेली, तीस वर्षांनी त्याच वाटेने ग्रॅनाइट.

---

आडवाट | रविवार, दुपारी १:१०

सर, हे बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी फक्त "पुन्हा वाच" म्हटलं.

---

देगलूरकर | रविवार, दुपारी ३:००

आमच्या नांदेड जिल्ह्याच्या टोकाला, देगलूर-बिलोलीकडं या कधी. महाराष्ट्र म्हणजे सगळा काळा दगड असं समजणाऱ्यांनी तर नक्की. असेच ग्रॅनाइटचे गोटे एकमेकांवर बसलेले. लहानपणी आम्ही त्यांच्यावरून घसरगुंडी खेळायचो. आता त्यातले बरेच कुणाच्या तरी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर गेले असतील.

---

खवट_काका | रविवार, सायंकाळी ५:४५

चला, गोऱ्यांच्या खाणी बघायला पेट्रोल जाळा. त्यांनी पडक्या खाणीचं पर्यटनस्थळ केलं आणि आपण खडी क्रशरला टेकड्या विकतो. आणि तो टेम्पलर, त्याचा आजा हिंदुस्तानात पैसा कमावून आला होता, ते लिहायचं राहिलं वाटतं?

---

आडवाट | रविवार, सायंकाळी ६:३०

काका, राहिलं नाही, लांबलं म्हणून कापलं. आजोबाचं नावही जेम्सच. एक्झिटरचा गरीब घरचा मुलगा, शिकाऊ काम सोडून हिंदुस्तानात पळाला आणि तरुणपणीच गबर होऊन परतला. पैसा कशातून आला याच्या दोन कथा आहेत, कुणी सरकारी बांधकामाचे ठेके म्हणतं, कुणी चांदीचा व्यवहार. दोन्हींत आपल्याला पावती मिळालेली नाही.

खाण "जपली" म्हणाल तर अर्धंच खरं. धंदा बसला, रूळ दगडाचे असल्याने भंगारात विकता येईनात, म्हणून राहिले. लोखंडाचे असते तर कधीच वितळले असते. पार्कचा कायदा त्यानंतर शंभर वर्षांनी आला.

---

फॉगिंटॉरवाली | रविवार, रात्री ८:१५

प्लिमथहून लिहितेय. हेटर पाहिलंत, आता पश्चिमेला प्रिन्सटाउनजवळ फॉगिंटॉर आणि स्वेलटॉरच्या खाणी करा. तिथे माणसं कमी, मेंढ्या जास्त. स्वेलटॉरच्या वाटेवर गवतात बारा कोरीव दगड रांगेत पडलेत. १९०३ च्या सुमारास लंडन ब्रिज रुंद करायचं ठरलं तेव्हा कोरलेले ब्रॅकेट, आणि हे मागे राहून गेलेले. ताशीव कडा अजून तशाच. पहिल्यांदा पाहिले तेव्हा वाटलं, कामगार जेवायला गेलेत.

---

वाळवंटातला | रविवार, रात्री १०:४०

थांबा थांबा. मी ॲरिझोनात राहतो आणि तुमच्या त्या पुलावरून दर हिवाळ्यात गाडी नेतो!

१८३१ चा लंडन ब्रिज थेम्समध्ये खचायला लागला. तो विकायला काढला आणि १९६८ मध्ये मॅककलॉक नावाच्या उद्योगपतीने २४ लाख ६० हजार डॉलरला घेतला. बाहेरच्या दगडांवर नंबर टाकून ते लेक हावासू सिटीला आणले, आत काँक्रीटचा सांगाडा उभा करून वरून बसवले आणि १९७१ मध्ये पूल उघडला. सगळ्यात भारी म्हणजे पूल कोरड्या जमिनीवर बांधला आणि मग त्याच्या खालून कालवा खणून तळ्याचं पाणी सोडलं. उन्हाळ्यात पंचेचाळीसच्या वर तापमान जातं. डेव्हनच्या धुक्यातला दगड बिचारा.

---

आडवाट | सोमवार, सकाळी ७:५०

बाबांना सांगितलं. "पूल आधी आणि नदी नंतर?" म्हणून हसत सुटले ते चहा सांडेपर्यंत. पुलाला बऱ्याच खाणींचा दगड लागला होता, त्यामुळे त्यातला हेटरचा कुठला ते ओळखणं कठीण. पण पुढच्या हिवाळ्यात मोठे पांढरे स्फटिक दिसतात का, बघा बरं.

---

भूस्तर | सोमवार, सकाळी ८:२०

घाई नको. मोठे स्फटिक टॉरच्या दगडात. खाणीतला दगड त्यापेक्षा बारीक कणांचा असतो, म्हणून तर तो बांधकामाला घेतला.

---

तंबू_घेऊन | सोमवार, सकाळी ११:००

रात्री तंबू ठोकता येतो का? मध्ये कोर्टकचेरी चालली होती ना?

---

फॉगिंटॉरवाली | सोमवार, दुपारी १२:१५

हो. जानेवारी २०२३ मध्ये हायकोर्टाने हक्क नाही म्हटलं, त्याच जुलैत वरच्या कोर्टाने तो परत दिला आणि मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने शिक्कामोर्तब केलं. आधार १९८५ चा डार्टमूर कॉमन्स कायदा. पण याचा अर्थ कुठेही नव्हे. पार्कचा नकाशा आहे, आधी तो बघा. उत्तरेकडे लष्कराच्या गोळीबाराचे पट्टे आहेत. लाल झेंडा दिसला की मागे फिरायचं.

---

पाथरवट | सोमवार, रात्री ९:३०

दोन दिवस वाचतोय. लिहू की नको करत होतो.

आमचे आजोबा वडार. सोलापूर जिल्ह्यात खाणीवर घण मारण्यात त्यांचा जन्म गेला. शिकलेले नव्हते, पण दगडावर सुतकीचा हलका ठोका मारून, कान देऊन सांगायचे, हा पाट्याला, हा पायात घालायला, हा टाकून द्या. खणखणीत वाजला तर आतून एकसंध, भद्द वाजला तर भेग. आम्ही नातवंडं घरातल्या प्रत्येक वस्तूला ठोके मारत फिरायचो, आजी रागवायची.

ताई, तुम्ही खाण बघितली, तळं बघितलं, रूळ बघितले. दगड फोडला कसा ते बघितलं का? फुटलेल्या चिऱ्याच्या कडेला ओळीने अर्धी-अर्धी भोकं असतील, कापलेल्या नळीसारखी. आजोबांचं काम असंच. एका रेघेत भोकं पाडायची, प्रत्येकात लोखंडी पाचर आणि मग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकेक ठोका. परत पहिल्यापासून. घाई केली की दगड वाकडा जातो. आजोबा म्हणायचे, फोडायचं आपण नाही, त्यालाच फुटू द्यायचं. पाचरींचा आवाज प्रत्येक फेरीला चढत जातो आणि मग एकदम बारीक 'टच्'. संपलं.

लंडन ब्रिज कुणी बांधला याला इंजिनिअरचं नाव असतं. भोकं पाडणाऱ्याचं कुठं असतं? परत गेलात तर दोन भोकांमधलं अंतर मोजून सांगा. आमच्याकडे काळा दगड, तिकडे ग्रॅनाइट, फरक पडत असेल.

---

खवट_काका | सोमवार, रात्री १०:०५

पाथरवट, वेगळा धागा काढा. मी पहिला प्रतिसाद देईन, आणि सरळ देईन.

---

सड्यावरचा | सोमवार, रात्री १०:२०

काकांना अनुमोदन. हे वाचून आमच्या चिरेखाणीतले लोक आठवले. त्यांच्याकडे आता मशीन आलंय, पाचरीचा आवाज कुणी ऐकत नाही.

---

आडवाट | पुढचा शनिवार, रात्री ९:१०

पाथरवटदादा, आज परत गेलो. बाबांनीच सकाळी सात वाजता बूट घालून दारात उभं राहून जाहीर केलं. टॉरकडे बघितलंही नाही, सरळ खाणीत.

भोकं आहेत! सगळीकडे आहेत. मागच्या वेळी त्यांच्यावर हात ठेवून फोटो काढले होते आणि दिसली नव्हती. फुटलेल्या कडेला अर्धगोल नाळी, एका रेषेत, दोरी लावल्यासारख्या. दोन भोकांमधलं अंतर माझ्या वितीपेक्षा कमी, बाबांच्या हाताने चार-पाच बोटं. सगळीकडे सारखं नाही. इथे भोकात आधी लोखंडाच्या दोन अर्धगोल पट्ट्या घालायचे आणि त्यांच्यामध्ये पाचर. त्याच्याही आधी, साधारण १८०० पूर्वी, गोल भोकांऐवजी लांबट खाचा पाडायचे.

आणि रुळांच्या कडेला एक मोठा धोंडा सापडला. त्यावर भोकांची पूर्ण ओळ पाडलेली, नीट सरळ, पण दगड फुटलेलाच नाही. पाचरी घातल्याच नाहीत की घालून सोडून दिलं? बाबा म्हणतात, त्या दिवशी ऑर्डर रद्द झाली असणार. लेक म्हणते, त्यांना भूक लागली.

---

पाथरवट | पुढचा शनिवार, रात्री ११:४५

फोटो टाका. आणि पुढच्या वेळी त्या धोंड्यावर एक ठोका मारून बघा, खणखणीत वाजतो की भद्द.

---

आडवाट | रविवार, सकाळी ८:००

मारला होता. बाबांच्या छत्रीच्या मुठीने. काहीच ऐकू आलं नाही, मूठ मात्र तुटली.